न घेतलेली दुसरी सभा

आबा, तुम्हाला पत्र लिहितेय याचं माझं मलाच हसू येतंय. सातवीनंतर मी वाणसामानाच्या याद्या आणि फॉर्मवरच्या सह्या यापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तुम्ही होतात तोवर तुमच्याशी सलग चार वाक्यं बोलले नाही. विचारलं तेवढं सांगायचं, ही तुमचीच शिस्त. आता तुम्हाला विचारता येत नाही आणि मला सांगायचंय, म्हणून बसले. घरात कुणी नाही. मुलगा चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या ऑफिसात गेलाय, सूनबाई तिच्या कामावर, नातू शाळेत. सिंगापूर हे, आणि या भागाला पासिर रिस म्हणतात. एमआरटी, म्हणजे इथली लोकल, इथं येऊन संपते. नवव्या मजल्यावरून दोन इमारतींच्या मधून समुद्राची एवढीशी पट्टी दिसते, तिचं सगळ्यांना फार कौतुक. काल सकाळी लेक तिच्या घरी परत गेली. तिची चादर बाहेर बांबूवर वाळत घातलीय, वाळलीय कधीच, काढायचीय.

लेक म्हणजे माझी धाकटी. तुम्ही गेलात तेव्हा अकरा वर्षांची होती. आता स्कॉटलंडात असते, ग्लासगोला. हॉस्पिटलात पडून राहिलेल्यांना परत चालायला शिकवते. नवरा तिथलाच, गोरा, शाळेत मास्तर. मला आई म्हणतो, थालीपीठ हातानं खातो, मला त्याच्यात काही वावगं दिसत नाही. त्यांचा देश कसा, तर आपली गट ग्रामपंचायत होती ना, गाव आणि वाडी मिळून एक, तसं. चार देश मिळून एक राज्य आणि मोठा कारभार सगळा लंडनला. चौदा साली त्यांनी स्कॉटलंडातल्या लोकांना विचारलं, वेगळं व्हायचं का, हो का नाही ते सांगा. आणि विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारलं. सोळा वर्षांच्या पोरांना. माझ्या लेकीलासुद्धा, जिच्याकडे तेव्हा भारताचा पासपोर्ट होता. इथं राहतेस ना, मग तूही सांग, असं. तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते, हात परातीतच राहिले. परदेशातल्या बाईला विचारतात, म्हटलं.

शंभरातले पंचावन्न नाही म्हणाले. विषय संपला, असं सगळे म्हणाले. मग दोन वर्षांनी अख्ख्या राज्याला विचारलं की युरोपच्या संघात राहायचं का बाहेर पडायचं. स्कॉटलंड म्हणालं राहायचं, पण इंग्लंडची माणसं जास्त, ती म्हणाली बाहेर. चौदा साली यांना काय सांगितलं होतं, वेगळे झालात तर युरोपातून जाल. आता एकत्र राहून जायची वेळ आली. म्हणून यंदा तिथल्या मुख्यमंत्रीणबाई म्हणाल्या, आम्हाला परत विचारा. लंडनच्या पंतप्रधान, त्याही बाईच, त्या म्हणाल्या, आत्ता ही वेळ नाही. मी टीव्हीवर दोघींना पाहिलं. दोघींचं तोंड आपल्या आईचं बोहारणीशी भांडताना व्हायचं तसं, एक पेला कमी करायचा नाही आणि एक लुगडं जास्त द्यायचं नाही.

हे सगळं त्यांचं त्यांनी बघावं, मला काय. पण एप्रिलात ईस्टरच्या सुट्टीत लेक इकडे आली, सात वर्षांच्या नातीला घेऊन, आणि तिकीट काढलं होतं एकीकडचं. सुट्टी संपायला आली तरी परतीचं नाव नाही. जावई रोज संध्याकाळी फोन करायचा, नातीशी बोलायचा, मग फोन हिच्याकडे गेला की ही म्हणायची, हो, जेवले, ठीक आहे. एवढंच. बायकोनं नवऱ्याला जेवले सांगून फोन ठेवला म्हणजे काय समजायचं ते मला कळतं. चाळीशीची बाई, नोकरी तिकडे, पोरीची शाळा तिकडे, आणि ही इथं भावाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर झोपतेय.

एका रविवारी जेवताना मुलानं परत मत घेण्याचा विषय काढला. त्याला वाटलं साधा विषय आहे. म्हणाला, दर दोन वर्षांनी हेच करत बसणार का, नापास झालो की परत पेपर, असं कुठं असतं. बाजार कोसळेल, बँका हलतील, आमच्याकडे आत्ताच लोक लंडनची कामं इकडेतिकडे करतायत. नातू म्हणाला, "परत व्होट घ्या लाह, काय प्रॉब्लेम?" इथली माणसं वाक्याला असं लाह लावतात. त्याला मी गप्प बसवलं. लेक ताटात बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू सांग. परत विचारावं का?"

मी म्हटलं, "एकदा विचारलं ना? मग झालं. रोज उठून तेच काय?"

ती उठली, ताट घासलं, माझंही अर्धं जेवलेलं ताट उचलून घासलं. मी तिथंच बसले खरकट्या हातानं. ते वाक्य तुमचं होतं, आबा. पारावर बसून, टोपी मांडीवर ठेवून तुम्ही म्हटलेलं, वाडीच्या सगळ्या माणसांसमोर. शब्दाला शब्द तेच. पंचेचाळीस वर्षं मी त्या वाक्यावरून तुम्हाला मनातल्या मनात बोलले आणि माझ्या तोंडून तेच आलं.

ती पहिली सभा तुम्हाला आठवत असेल, मला तर किटलीच्या कडीसकट आठवते. तुम्ही सरपंच. माझं लग्न होऊन दोन वर्षं, ओढ्यापलीकडे वाडीत दिलेली, आणि तेव्हा मी पहिलं मूल घेऊन माहेरी आलेली. म्हणजे इकडची लेक आणि तिकडची सून. वाडीची माणसं म्हणत होती, आमची ग्रामपंचायत वेगळी करा, इकडे नळ येत नाही, दिवा येत नाही, सगळं गावात संपतं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. शाळेच्या पटांगणात सगळे पुरुष बसलेत. बायकांनाही मत होतं म्हणे कायद्यानं, पण बायका तिथं कशाला येतील, कोण येऊ देईल. चहा मात्र सरपंचाच्या घरचा. समोर आपल्या अंगणात आई चुलीपाशी, आणि मी किटली घेऊन शाळेच्या फाटकात उभी. मी माणसं मोजतेय. तुम्ही बोलताय, की वाडीच्या लोकांनो, घाई करू नका, एकत्र राहिलात तर वर्षाच्या आत ओढ्यावर साकव बांधून देतो, हा माझा शब्द. मग तुम्ही म्हणालात, आता ज्यांना वेगळं व्हायचंय त्यांनी हात वर करा. हात वर झाले. तेवढ्यात माझा डावा हात वर आहे, पंजा उघडा. तुम्ही बघितलंत. म्हणालात, "हात खाली घे. किटली सांभाळ."

सगळे हसले. माझे मिस्टर पुढच्या रांगेत होते, ते वळून माझ्याकडे बघत राहिले, तसं त्यांनी लग्नातही बघितलं नव्हतं. मोजले तेव्हा वाडीचे तीन हात कमी पडले. मी चहा दिला सगळ्यांना. त्या संध्याकाळपासून मी वाडीत मोठी झाले. सरपंचाची पोर, पण बापासमोर वाडीसाठी हात वर केला, असं सासूबाई नदीवर सांगायच्या. पाणी भरताना बायका मला पुढे घालायच्या. मी पण पुढे जायचे.

साकव झाला नाही. पैसे आले होते, ते गावातल्या रस्त्याला गेले, पंचायत समितीच्या मोठ्या माणसाच्या दारापर्यंत. तुम्ही एकटे त्याला जबाबदार नव्हतात, हे मला नंतर कळलं, पण शब्द तुमचा होता. दोन पावसाळे वाडीची पोरं खांद्यावर बसून शाळेत गेली. मग वाडीनं परत अर्ज केला, परत सभा घ्या, परत विचारा, आम्ही ज्या शब्दावर एकत्र राहिलो तो पाळला नाही. आणि अर्जात लिहिलं होतं की मागच्या वेळी सरपंचाच्या मुलीचा हात मोजला नाही. तेव्हा तुम्ही पारावर ते वाक्य बोललात. पुढच्या जत्रेला वाडीनं गावाची पालखी ओढ्यापलीकडे घेतलीच नाही. देवळापासून बाराशे पावलांवर, ओढ्याकाठी देव थांबला आणि परत फिरला. तुम्ही पालखीपुढे होतात. वाडीत तुम्हाला मरेपर्यंत कुणी घरात या म्हटलं नाही, तुमच्या जावयानंसुद्धा बाहेर ओट्यावरच पाणी दिलं.

तर त्या रविवारनंतर मला चैन नाही. सोमवारी खाली गेले. इमारतीखाली मोकळी जागा असते, दगडी टेबलं असतात, तिथं शेजारची चिनी आंटी रोज येऊन बसते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं म्हणून आमचं जमतं. तिला मी सांगितलं, की मुलीच्या देशात परत मत घ्यायचं म्हणतात, तुला काय वाटतं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, आम्हा सिंगापूरच्या लोकांना विचारलं होतं एकदा, मलेशियात जायचं का म्हणून. कागदावर तीन चौकोन होते आणि तिन्हीत जायचंच होतं, फक्त कसं जायचं ते वेगळं. मग गेलो. मग दोन वर्षांनी काढलं बाहेर, तेव्हा कुणीच विचारलं नाही, तिनं बाजारात मासे घेताना रेडिओवर ऐकलं. मी म्हटलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "काय करणार? मासे घेतलेले ना. घरी जाऊन शिजवले लाह." आणि मग म्हणाली की विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिला अजून माहीत नाही. पण विचारायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला घेऊन समुद्रावर गेले. पासिर रिसचा किनारा काही विशेष नाही, लांब जहाजं उभी असतात नुसती. नात वाळूत होती. मी सरळ विचारलं, भांडण कशावरून आहे. मारतो का, बाई आहे का, दारू आहे का. ती म्हणाली, तसलं काही नाही, आई. मग म्हटलं सांग. तिनं सांगितलं ते असं. चौदा साली जावई घरोघर जाऊन 'हो' म्हणा सांगत होता. हिनं आत जाऊन 'नाही'वर फुली मारली. का, तर हिच्या राहण्याचा कागद लंडनहून यायचा होता, देश वेगळा झाला तर तो कागद कोण बघणार, ही भीती. मान्य आहे, मी पण हेच केलं असतं. पण बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, हो म्हटलं. निकालाच्या दिवशी तो रडला आणि हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तीन वर्षं तो सगळ्यांना सांगतोय की आमच्या घरात दोन हो. आणि यंदा परत मताची बोलणी सुरू झाली तशी त्यानं खिडकीत पाटी लावली. हिनं ती काढली. तो म्हणाला का काढलीस, तर हिनं सांगून टाकलं.

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. बरं म्हणाला आणि बटाटे सोलत बसला. आई, तो नऊ दिवस नुसता बरं म्हणत होता."

मी तिला बोलले. चांगलंच बोलले. मत कुणालाही दे, खोटं कशाला बोललीस, नवऱ्याशी, आणि तेही त्याच्या मनाला एवढं लागलेलं असताना. ती खाली बघून ऐकत होती, लहानपणी ऐकायची तशी. आणि म्हणाली, म्हणून मला परत मत नकोय. लोक म्हणतात बाजार, नोकऱ्या, सीमा, मला त्यातलं काही नाही. परत मत झालं की मला त्याच्यासमोर उभं राहून खरं मत द्यावं लागेल, आणि माझं मत काय आहे तेच मला कळत नाहीये. आता युरोपही गेलं, माझा कागदही झाला. मग म्हणाली, "तू बोलू नकोस. तू तरी आजोबांसमोर हात वर केलास."

तेव्हा मला राहवलं नाही, आबा. मी म्हटलं, कसला हात. कप कमी पडत होते. माणसं मोजली तर पाच कप कमी, म्हणून समोर चुलीपाशी आईला पंजा दाखवत होते, अजून पाच आण. तेवढ्यात सभेत हात वर करायला सांगितले. मला काही ऐकूच आलं नव्हतं, मी आकडा डोक्यात धरून उभी होते.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. एवढी हसली की नात धावत आली. म्हणाली, आणि बाबांना? मी म्हटलं, तुझ्या बाबांना कधीच सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की मी त्यांच्यासाठी हात वर केला. सासूबाईंनाही. अख्ख्या वाडीला. पंचेचाळीस वर्षं मी पाच कपांवर मान घेतला. मग हसणं थांबलं तेव्हा तिनं विचारलं, आई, पण परत सभा झाली असती तर तू खरा हात कुठे केला असतास? मी म्हटलं, ऊन झालं, चल घरी.

त्या संध्याकाळी जावयाचा फोन मीच घेतला. तो म्हणाला, आई, तिला द्या. मी म्हटलं थांब, आधी माझ्याशी बोल. त्यानं मला हळूहळू सांगितलं, मला समजेल असं, की ती नाही म्हणाली त्याचा राग नाही, तीन वर्षं तो लोकांसमोर तिच्या नावानं बोलत होता आणि तिनं बोलू दिलं, ते त्याला खुपतंय. आता तिच्याशी काय बोलावं तेच त्याला सुचत नाही. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, तू विचार. मग गप्प बस. ती काय म्हणेल ते ऐक आणि लगेच समजावू नकोस, मास्तर आहेस म्हणून. पलीकडून तो मग म्हणाला, गप्प बसणं त्याला नऊ दिवस जमलं होतं, विचारणं जमलं नाही. मी लेकीला हाक मारली. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लावलं, भात माझा आत गॅसवर होता तो करपला. मी आत गेले नाही. दोन दिवसांनी तिकीट काढलं.

काल विमानतळावर म्हणाली, "आई, परत विचारलं ना, तर मी बहुतेक परत नाहीच म्हणेन." मी म्हटलं, म्हण, पण त्याला सांगून म्हण. नातीनं काचेतून हात हलवला. मुलगा गाडीत म्हणाला, मग तुझं मत बदललं वाटतं, घ्यावं परत मत? मी म्हटलं, ज्या शब्दावर लोक थांबले तो शब्द राहिला नाही तर परत विचारावं लागतं, त्यात लाज कसली. तो म्हणाला, मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा? मी म्हटलं, तू गाडी बघून चालव. दरवर्षी विचारायला लागलं तर माणसं घरात एकमेकांची तोंडं बघेनाशी होतील, हे पण खरं आहे. पण विचारायचंच नाही असं जो म्हणतो, त्याला दर वेळी लोकांची काळजी असते असं नाही. कधी कधी त्याला फक्त स्वतःचा हात वर करायची भीती असते.

आता ते सांगते ज्याच्यासाठी बसले. वाडीचा अर्ज आला त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात आलात. तुम्ही कधी यायचा नाहीत. मी माहेरी आले होते, भाकरी थापत होते, पाठ तुमच्याकडे. आई गोठ्यात होती. तुम्ही पाट ओढून बसलात, अर्जाचा कागद हातात, आणि म्हणालात, "परत घ्यावी का सभा? तू दोन्हीकडची आहेस, तू सांग." त्या गावात कुणी कुठल्या बाईला असं विचारलं नव्हतं. मला वाटलं, सभा झाली तर या वेळी मला बोलावतील, नाव घेऊन, अर्जात नाव आहे. मग इकडे हात केला तर नवऱ्याला कळेल की मागचा खोटा, तिकडे केला तर तुमच्यासमोर तुमच्याच विरुद्ध. मी वळलेही नाही. तव्याकडे बघून म्हटलं, एकदा विचारलं ना, मग झालं. तुम्ही अर्जाची घडी घातलीत. मग बरं म्हणालात आणि पारावर गेलात.

हे पत्र नातवाच्या जुन्या वहीतच राहील, दुसरीकडे कुठं टाकायचं. वाडीला तुम्ही गेल्यावर वेगळी ग्रामपंचायत मिळाली, वरून आदेश आला, कुणाला विचारलं नाही. साकवही झाला. पण ज्या वाक्यावरून वाडीनं तुम्हाला ओट्यावर पाणी दिलं, ते वाक्य माझं होतं. लेकीला कपांचं सांगितलं, हे नाही सांगितलं.